वारलीचा ऑनलाइन क्लास नेमकं काय शिकवतो?

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. आणि जे हे ऐकण्याऐवजी वाचताय त्यांच्यासाठी सांगते, हे बोलण्याचंच लिखित रूप आहे. थोडीफार काटछाट केलीये, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आता एक करा. ऐकता ऐकता फोनवर 'वारली पेंटिंग ऑनलाइन क्लास' असं टाका. काय येतं? दोन तासांचं वर्कशॉप, किट घरपोच, शेवटी सर्टिफिकेट. वय वर्षे सहा ते साठ. व्हिडिओ उघडला की पहिल्या पाच मिनिटांत माणूस तयार. एक त्रिकोण सरळ, एक उलटा, टोकाला टोक जोडलं, वर गोल डोकं, चार रेघा हातापायांच्या. झालं. मग असे वीस माणूस गोलात काढायचे, मधे एक वाजवणारा, कोपऱ्यात झाड, वर सूर्य. 'आजच्या सेशनमध्ये आपण तारपा डान्स शिकलो.' थँक यू, फीडबॅक फॉर्म भरा.

यात वाईट काहीच नाही. मुलं दोन तास यूट्यूब शॉर्ट्सपासून लांब राहिली, हेही नसे थोडके. पण मला एक प्रश्न पडतो. त्या दोन तासांत तारपा हा शब्द मुलाला कळला, तारपा म्हणजे काय ते कळलं का? आणि ज्यांचा तो तारपा आहे ते लोक ठाणे स्टेशनपासून तीन-साडेतीन तासांवर राहतात, हे त्याला कुणी सांगितलं का?

माझी या विषयात एक छोटी गुंतवणूक आहे, ती आधीच सांगून टाकते. गेली दोन वर्षं मी डोंबिवलीतून असाच एक रविवारचा क्लास चालवायला मदत करते. चित्र मी शिकवत नाही, मला ते येतही नाही. शिकवतात ते डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरचे वारली चित्रकार. मुलं त्यांना दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. माझं काम म्हणजे झूमची लिंक टाकणं, फी गोळा करणं आणि आईबाबांचे 'आज क्लास आहे ना?' हे मेसेज झेलणं. अकरा मुलं आहेत. बहुतेक डोंबिवली-कल्याणची, तीन ठाण्याची. त्यामुळे आजचं बोलणं थोडं आतून आहे आणि थोडं पक्षपातीही असेल, चालवून घ्या.

आधी चित्राबद्दल बोलू.

आपण ज्याला 'वारली पेंटिंग' म्हणतो ते मुळात भिंत सजवायला नव्हतंच. ते लग्नाचं चित्र आहे. वारली घरात लग्न असलं की आतल्या भिंतीला शेणामातीने सारवायचं, वर गेरूचा हात द्यायचा आणि त्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. हो, 'लिहायचा', चौक काढत नाहीत, लिहितात. आणि तो लिहितात बायका, सवाशिणी. चौकोनी चौकट, तिच्या कडांना बारीक नक्षी, आणि मधे पालघट देवी. शेजारी छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. या चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावणारी कोण, तर धवलेरी. म्हणजे गाणी म्हणून लग्नविधी करणारी बाई. आपल्याकडे 'बाई पुरोहित' म्हटलं की अजून बातमी होते. वारल्यांकडे लग्नाच्या विधीत बाईचा हा मान पूर्वापार आहे. धवलेरी गाते आणि त्या गाण्यांतून देव, धान्य, पाऊस, नवरा-नवरी, सगळ्यांना त्या मांडवात बोलावलं जातं.

म्हणजे चित्र, गाणं आणि विधी हे तीन वेगळे 'मॉड्यूल' नाहीतच. आपण ऑनलाइन कोर्स करताना त्यातलं चित्र तेवढं उचललं, कारण ते कॅमेऱ्यात मावतं.

आता इथे कुणी म्हणेल, म्हणजे मूळ तेच खरं आणि कागदावरचं सगळं खोटं? तसं नाही. ही कला कागदावर आली त्याची गोष्ट फार जुनी नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलांचं काम करणाऱ्या सरकारी मंडळाकडून या भागात आले आणि पाड्यांवर कागद, रंग देऊ लागले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागद हातात घेतला आणि लग्नाचा चौक सोडून चित्र बाहेर काढलं. शेतात, जंगलात, मासेमारीच्या जाळ्यावर, मुंग्यांच्या वारुळावर. म्हसे लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले होते, धुळीत चित्रं काढून सांगायचे, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. त्यांची चित्रं १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. बायकांच्या भिंतीवरची गोष्ट पुरुषांच्या कागदावर गेली, तीही एका पिढीत. म्हणजे परंपरा हलते. ती फोनवर आली म्हणून माझी हरकत नाही. पण हलताना त्या-त्या वेळी काय मागे राहिलं, ते तरी बघावं की नाही?

क्लास कसा चालतो ते सांगते, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही.

दादांचा फोन एका बांबूच्या तिकाटण्यावर पालथा टांगलेला असतो, खाली कागद. ही एक गोष्ट ऑनलाइनमध्ये प्रत्यक्षापेक्षा चांगली होते, हे मान्य करायला हवं. हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या मुलाला शिक्षकाची पाठ दिसते. इथे अकराही मुलांना दादांचा हात अगदी वरून दिसतो, काडी किती तिरकी धरली तेसुद्धा. काडी म्हणजे बांबूची, टोक चावून चावून कुंचल्यासारखं केलेली. पहिल्या रविवारी अर्धा तास मुलं नुसती काड्या चावत बसली होती. एका आईचा मेसेज आला, 'हायजिनिक आहे का?' मी लिहिलं, धुऊन घ्या.

गेरू कुठून आणायचा? तर तो तुमच्या बाल्कनीतच असतो. कुंड्यांना, तुळशीवृंदावनाला लावतो तो. तांदूळ रात्री भिजवायचे, सकाळी पाणी निथळून बारीक वाटायचे, थोडा डिंक. किट मागवायची गरजच नाही. घरातल्याच वस्तूंवर काम भागलं की मुलाच्या लक्षात येतं, हे 'क्राफ्ट मटेरियल' नाहीये, हे कुणाच्या तरी घरातलं धान्य आहे. चौक पांढरा असतो कारण तो तांदळाचा असतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी, तिच्या गोष्टीचा आणि त्या पांढऱ्या रेघेचा संबंध मग सांगावा लागत नाही.

जुलैमध्ये तीन रविवार क्लास बंद असतो. लावणी असते. दादा शेतात. पहिल्या वर्षी दोन पालकांनी 'मग त्या महिन्याची फी?' असं विचारलं. दुसऱ्या वर्षी आम्ही फी घेतानाच सांगितलं की लावणी आणि कापणी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. तेव्हा दादा बांधावरून दोन मिनिटांचे व्हिडिओ पाठवतात. चिखल, पाऊस, मागे कुणीतरी हसतंय. मुलं त्यावरून चित्र काढतात. मला विचाराल तर वर्षातली सगळ्यात चांगली चित्रं त्या तीन आठवड्यांत होतात, कारण समोर नक्कल करायला तयार नमुना नसतो.

मुलांचे प्रश्न भारी असतात. एकाने सिंह काढला. दादा म्हणाले, आमच्याकडे सिंह नाही रे, वाघ आहे, आणि वाघ देव आहे, त्याला असं कोपऱ्यात कोंबू नको, जागा दे. एकीने विचारलं, 'मी लोकल ट्रेन काढली तर चालेल का?' आता बघा, यूट्यूबवरचे पुष्कळ शिकवणारे म्हणतील, नाही, ऑथेंटिक ठेवा. दादा म्हणाले, काढ की, आम्ही पण काढतो, रोज बघतो ती काढायची. वारल्यांनी चित्रात आगगाडी, सायकल, विमान कधीच आणलंय. 'जसं होतं तसंच ठेवा' हा आग्रह बहुतेक वेळा बाहेरच्यांचाच असतो.

तारपा मात्र स्क्रीनवर जमला नाही. तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. नव्या भाताच्या दिवसांत तो वाजतो, वाजवणारा मधे आणि हातात हात गुंफून सगळे त्याच्याभोवती फिरतात. नियम एकच, तारप्याकडे पाठ करायची नाही. चित्रातला तो प्रसिद्ध भोवरा म्हणजे हाच. आता झूमवर अकरा मुलं अकरा खिडक्यांत उभी. कोण कुणाचा हात धरणार? आवाजसुद्धा फोन कापून टाकतो, त्याला ती सलग घरघर गोंगाट वाटते. आम्ही दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तारपा शिकायचा तर जावं लागतं. हे क्लासच्या माहितीपत्रकात आता स्पष्ट लिहिलंय.

आणि गाणं. दादांच्या आई धवलेरी आहेत. मी एकदा अगदी उत्साहात म्हटलं, आजी, एक गाणं रेकॉर्ड करूया, मुलांना ऐकवू, जपूनही राहील. त्या म्हणाल्या, 'लगीन नाय तर गायचं कोणासाठी?' विषय संपला. जपून ठेवायचं म्हणजे रेकॉर्ड करायचं, असं आपल्या पिढीच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की कुणी 'नको' म्हणू शकतं हे सुचतच नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. त्यांच्याकडून शिकणाऱ्या बायका आता मोजक्याच. मुली आश्रमशाळेत, मग कॉलेज, मग वापी नाहीतर बोईसरला नोकरी. मुलींनी तेच करावं, त्यात प्रश्नच नाही. पण मग गाणं जाणार कुणाकडे? मध्यंतरी एक गंमत झाली. दादांची पुतणी हॉस्टेलवरून आमच्या लिंकवर यायला लागली. पाड्यावरचीच मुलगी, स्वतःच्या काकाकडून चौक शिकतेय, पण डोंबिवलीच्या मुलांबरोबर झूमवर. तिच्याकडून फी घ्यायची का, असं कुणी विचारलं नाही, बरं झालं. आजी तिला मात्र गाण्याच्या ओळी सांगतात, मोबाइलवर, क्लास संपल्यावर. आम्ही बाकीचे तेव्हा लिंकवरून बाहेर पडतो.

इथे थोडं लांब जाऊया. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर.

आपल्याला हवाई म्हणजे फुलांच्या माळा आणि हुला नाच, एवढंच माहीत. पण त्यांची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. १८९३ मध्ये त्यांची राणी पदच्युत केली गेली, १८९६ मध्ये कायदा आला की शाळेत शिकवण्याची भाषा इंग्रजीच. दोन-तीन पिढ्यांत हवाईयन बोलणारी मुलं जवळजवळ उरली नाहीत. मग १९७८ मध्ये ती भाषा पुन्हा राज्याची अधिकृत भाषा झाली आणि १९८४ मध्ये पालकांनी चळवळ करून पहिली हवाईयन भाषेतली बालवाडी काढली. 'पूनाना लेओ' हे त्या बालवाड्यांचं नाव, अर्थ भाषेचं घरटं. २०१८ मध्ये ड्युओलिंगोवर हवाईयन आली, म्हणजे आता डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्याही शिकता येते.

पण हुलाचं काय झालं ते महत्त्वाचं. हुला जगभर पसरला, जपानमध्ये तर शिकणाऱ्यांची मोठी बाजारपेठच उभी राहिली. क्लास, ड्रेस, स्पर्धा. पारंपरिक हुलाच्या शाळेत विद्यार्थी दाराशी उभं राहून आत येण्याची परवानगी मागणारं पठण करतात, आतून गुरूचं उत्तर आलं की मगच पाऊल टाकतात. व्हिडिओ कोर्सला दारच नाही, थेट पेमेंट. २०२१ मध्ये तिथल्या कितीतरी हुला-गुरूंनी एकत्र येऊन जाहीरनामाच काढला, की हुलाची जबाबदारी आणि राखण आमच्याकडे आहे, तो कुणीही कसाही विकायची वस्तू नाही. 'ऑनलाइन शिकवू नका' असं ते म्हणत नाहीत. कुणाकडून शिकलात ते सांगा, असं म्हणतात.

आपल्याकडे याला जवळचं काय आहे? जीआय. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आदिवासी युवा सेवा संघाच्या, म्हणजे 'आयुश'च्या पुढाकाराने. पण जीआय समजून घ्या. आपला कायदा १९९९चा, आणि तो वस्तूंना लागू होतो. शेतमाल, हस्तकला, खाद्यपदार्थ वगैरे. 'वारली' नावाने कुणी चित्र विकत असेल तर तिथे तो कामाला येतो. घरी तुम्ही भिंत रंगवलीत, कुणी अडवणार नाही. आणि क्लास ही वस्तूच नाही, ती सेवा. म्हणजे वारल्यांच्या कलेचा क्लास कुणीही, कुठूनही, कितीही फी लावून घेऊ शकतो आणि वारल्यांना एक रुपया पोचला नाही तरी कायदा मोडत नाही. मग उरतं ते आपलं विचारणं. शिकवणारं कोण आहे? वारली नसेल तर कुणाकडून शिकलं, त्यांचं नाव घेतं का? फीतले किती पाड्यावर जातात? आमच्या क्लासमध्ये झूमचे आणि कुरिअरचे पैसे वजा जाऊन सगळी फी दादांची. मी मानधन घेत नाही, कारण माझी नोकरी आहे. पण सगळ्यांनी फुकटच करावं असं माझं म्हणणं नाही, आकडा सांगावा एवढंच.

आता एक गोष्ट, जी मी कुठल्याच वारली कोर्समध्ये ऐकली नाही. कल्याणकरांनो, खास तुमच्यासाठी.

टिटवाळा माहितीये ना? गणपतीचं. जानेवारी १९४५ मध्ये त्याच टिटवाळ्यात महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली होती. डहाणू-उंबरगाव भागातले थोडे वारली तिथे आले होते. त्यांनी तिथे आपली परिस्थिती मांडली. सावकार-जमीनदारांकडे वेठ, म्हणजे फुकट राबणं. आणि दुसरा शब्द ऐका, लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवराच काय, नवरीसुद्धा त्याच्याकडे गडी म्हणून बांधली जायची. कर्ज कधी फिटायचं नाही. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर मग त्या भागात गेले, मे महिन्यात तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी वारली मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिलंय, त्या पुस्तकाला साहित्य अकादमी मिळालं. वाचा.

आता पुन्हा त्या लग्नाच्या चौकाकडे बघा. जे लग्न आपण कुशन कव्हरवर छापतो, त्याच लग्नापायी माणसं गुलाम व्हायची. मी हे दादांना विचारलं, मुलांना सांगायचं का? ते म्हणाले, 'सांगा. माझा आजोबा होता त्यात.' मग त्यांनीच सांगितलं, दहा मिनिटं, चित्र न काढता. अकरा खिडक्यांत कुणी हललं नाही. नंतर एका मुलाने चित्र काढलं, त्यात गोलात नाचणारी माणसं नव्हती, रांगेत चालणारी होती. एका पालकांना हे 'हेवी' वाटलं, त्यांनी मुलीला क्लासमधून काढलं. तो त्यांचा हक्क आहे. आम्ही तो तास ठेवलाय.

आणि हे जुनंच आहे असंही नाही. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे सगळे ठाणे जिल्ह्यातच होते. कलेक्टर कचेरीचं काम म्हणजे अख्खा दिवस मोडून ठाण्याला यायचं. आता पालघर वेगळा आहे, पण बुलेट ट्रेन, एक्स्प्रेस वे आणि वाढवण बंदर हे विषय तिथे आजचे आहेत. ज्या डोंगराचं चित्र मुलं काढतात त्याच्या पायथ्याशी मोजणीवाले फिरतायत. दादा कधीकधी क्लासला उशिरा येतात ते गावात बैठक असते म्हणून.

तर ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. कापणीनंतर आम्ही मुलांना घेऊन पाड्यावर जातो, तारप्यासाठी. डोंबिवलीहून दिवा, दिव्याहून वसईची गाडी, वसईला उतरून डहाणूची लोकल. दिवा-वसईला गाड्या कमी आहेत, एक चुकली की बसा, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा. डबा आणू नका, जेवण तिथे आहे, त्याचे पैसे वेगळे द्यायचे. फोटो विचारून काढायचे, आणि आजी नाही म्हणाल्या तर नाही. लिंकवर आलात की आमच्याकडे 'हाय' नाही, 'जोहार' म्हणतात.

आणि या रविवारी जी नवी मुलं येणार आहेत, त्यांच्या आईबाबांनो, तांदूळ शनिवारी रात्रीच भिजवा. बासमती नको, जाडा कुठलाही चालेल. चला, जोहार.